पाटीवरच्या उभ्या रेघा

दादांना कमी ऐकू येऊ लागलं आहे, हे घरात सगळ्यांच्या आधी वहिनींना कळलं आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. त्या नुसत्या मोठ्याने बोलायला लागल्या. पूर्वी त्यांचा आवाज स्वयंपाकघराबाहेर येत नसे. आता "चहा ठेवलाय" हेसुद्धा त्या अंगणातल्या माणसाला सांगावं तसं सांगू लागल्या. मला वाटलं, संसार वाढला की बायकांचा आवाज वाढत असेल. मी तेव्हा बी.एस्सी.ला गणित घेऊन शिकत होतो, आणि त्या वयात आपल्याला सगळ्या गोष्टींची कारणं कळतात असं वाटत असतं.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. आमच्यात तेरा वर्षांचं अंतर. वडील गेले तेव्हा मी मराठी शाळेत होतो. बदलापूरला आमची थोडी भातशेती होती, ती काकांनी सांभाळली आणि आई तिथेच राहिली. दादा लढाईच्या काळात अंबरनाथच्या एका कारखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि पुढे चार्जमन, म्हणजे विभागातल्या कामगारांवरचे मुकादम, झाले. क्वार्टर मिळालं तसं त्यांनी मला आपल्याकडे आणलं. माझी शाळा त्यांनी केली, कॉलेजही त्यांनीच केलं. मी त्यांना अहो-जाहो करत असे. ते बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, ते उभे असले तर आपण खुर्चीवर बसायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण मी पाळत होतो.

कारखान्यात दादांचं काम घणाच्या विभागात, तिथल्या भाषेत घणाच्या शॉपवर. तापवून लाल केलेलं लोखंड वाफेच्या घणाखाली ठोकायचं, दिवसभर. तिथली माणसं खुणांनी बोलत. दादा कानात कापसाचे बोळे घालून जात, पण कोणी काही विचारायला आलं की एक बोळा काढावा लागे आणि तो परत घालायचं राहून जाई. नेहमी डाव्या कानातला, कारण उजव्या हातात सांडशी किंवा माप असे.

एका दुपारी दादा कामावर होते. वहिनी माझ्या पुढ्यात येऊन बसल्या.

"भावोजी, ह्यांना ह्या खेपेला पास करा."

"मी कोण पास करणारा?"

"तुम्ही शिकवा. त्या घणातून सुटले पाहिजेत हे. काल बाजारात पोर मागून 'बाबा, बाबा' करत होती. हे आपले पुढे चालतायत. आधी वाटलं, रागावलेत. रागावले नव्हते."

दादा इंजिनिअरांच्या एका संस्थेची परीक्षा बाहेरून देत होते. ती पास झालेल्यांना कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात घेत. ड्रॉइंग ऑफिस कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला होतं, झाडांच्या पलीकडे. तिथे घणाचा आवाज नुसता जमिनीतून जाणवे. दादांचे बाकी सगळे पेपर सुटले होते. गणिताचा अडला होता, आणि त्यातही कॉम्प्लेक्स नंबर. आता पुस्तकांत त्यांना संमिश्र संख्या म्हणतात; तेव्हा सगळं इंग्रजीत होतं. ड्रॉइंग ऑफिसात एक जागा लवकरच रिकामी होणार होती. म्हणजे दादा त्या परीक्षेत पास झाले, तर त्यांचे कान वाचणार होते. इतकी सरळ गोष्ट होती, आणि ती मला पुरती माहीत होती.

संध्याकाळी दादा कामावरून आले, अंघोळ झाली, की आम्ही पडवीत चटईवर बसू लागलो. दादांना कागद फुकट घालवलेला चालत नसे, म्हणून पुतणीची पाटी घेतली होती. लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. मी त्यांच्या डाव्या हाताला बसे, उजव्या हाताला भिंत होती म्हणून.

पहिल्या दिवशी चहा पिताना मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "आपलं क्वार्टर म्हणजे शून्य समजा. पूर्वेकडे काही पावलं, मग उत्तरेकडे काही पावलं गेलं की एक जागा मिळते. ती जागा म्हणजे झेड. आणि क्वार्टरपासून त्या जागेपर्यंतचं सरळ अंतर म्हणजे झेडचा मॉड्युलस."

"म्हणजे बांधाबांधाने न जाता शेतातून आडवं."

"हो, तेच."

"पुढे?"

"आता, आधी देवळाकडे गेलो आणि तिथून स्टेशनवर. तर ही चाल थेट स्टेशनवर जाण्यापेक्षा कमी कधीच भरणार नाही. फार तर सारखी, तीही देऊळ वाटेवरच असलं तर. हे सिद्ध करायचं."

दादा हसले. "यात सिद्ध काय करायचं? हे गाढवालाही कळतं."

"गाढवाला कळतं, पण परीक्षकाला लिहून द्यावं लागतं."

वहिनी आतून हसल्याचं मला आठवतं. त्या घरात अभ्यासाचं हसणं त्याआधी कधी झालं नव्हतं.

दादांची समज चांगली होती. एकदा रस्ता दाखवला की ते चुकत नसत. ही देवळा-स्टेशनची, म्हणजे बेरजेची असमानता त्यांनी दोन-तीन दिवसांत हातात घेतली. मग आली फरकाची. दोन जागांमधलं अंतर हे त्यांच्या घरापासूनच्या अंतरांच्या फरकाहून कमी नसतं. तिची सिद्धता छोटी आणि देखणी आहे. पहिला झेड म्हणजे, दोघांमधला फरक अधिक दुसरा झेड. म्हणून पहिल्याचं अंतर हे फरकाचं अंतर आणि दुसऱ्याचं अंतर यांच्या बेरजेहून मोठं असणार नाही. दुसऱ्याचं अंतर इकडे आणा, झालं. मग दोघांची अदलाबदल करून तेच पुन्हा लिहा.

दादांनी ते पाटीवर ओळीखाली ओळ लिहिलं. एकही पायरी सुटली नव्हती. सुटल्या होत्या त्या फक्त उभ्या रेघा. मॉड्युलस दाखवायला अक्षराच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा काढतात, त्या दादांनी काढल्याच नव्हत्या. झेड हा झेडहून लहान, असं सरळ लिहिलं होतं.

ज्याने हे गणित केलेलं नाही त्याला वाटेल, दोन रेघांचं काय एवढं. पण त्या नसल्या तर सगळंच जातं. जागा जागेहून लहान नसते. देऊळ स्टेशनहून लहान, असं ठिकाण म्हणून कसं म्हणणार? लहान-मोठं असतं ते अंतर. आणि रेघांशिवाय दादांची मुख्य ओळ वाचली, तर ती एवढंच म्हणते की पहिला झेड हा पहिल्या झेडहून मोठा नाही. म्हणजे काहीच नाही.

दादा असं का लिहीत होते, तेही मला कळत होतं. त्यांच्या विजेच्या पुस्तकात झेड हे अक्षर थेट मापासाठी वापरलेलं असे, रेघांशिवाय. कारखान्यातही माप म्हणजे माप. त्यांच्या मनात झेड म्हटलं की अंतरच येत होतं. विचार बरोबर होता, लिखाण चूक होतं, आणि परीक्षक लिखाण तपासतो.

मी त्या दिवशी सांगितलं. अगदी हळू, पाटीकडे बघत म्हणालो, "दादा, इथे मॉड्युलस हवा." ते "हं" म्हणाले आणि पुढची ओळ तशीच लिहिली. मला वाटलं, आवडलं नाही त्यांना. मग मी माझ्या हातातल्या पेन्सिलीने त्या रेघा स्वतःच काढल्या. वहिनी जाता जाता दादांच्या कॉलरचा सुटलेला धागा तोडत, तशा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारच्या क्वार्टरमधले फोरमन त्या वेळी गप्पा मारायला आले होते. मी पाटीकडे हात नेताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "काय चार्जमन, शॉपवर साहेब, घरीपण साहेब! आता झोपेत तरी चुका करायला मिळतात का?" दादाही हसले, पण लगेच पाटी पुसून त्यांनी ती बाजूला ठेवली. त्या संध्याकाळी अभ्यास झाला नाही.

त्याच सुमाराला आई बदलापूरहून तांदूळ घेऊन आली होती. पडवीत आम्हाला बघून ती वहिनींना म्हणाली, "धाकटा थोरल्याला शिकवतोय. माझ्या सासऱ्यांनी पाहिलं असतं तर पाटीच फोडली असती." ती थट्टेत म्हणाली होती. मी ते थट्टेत घेतलं नाही, कारण मला तसं घ्यायचं नव्हतं.

त्यानंतर मी काही बोललो नाही. दादा लिहीत, मी रेघा काढी. ते ओळ लिहून वर बघेपर्यंत माझ्या रेघा झालेल्या असत. सगळं पान, म्हणजे पाटी, बरोबर दिसे. मग आम्ही ती पुसून टाकत असू.

या वागण्याला मी आदर असं नाव दिलं होतं. थोरल्या भावाला तोंडावर चूक कसं म्हणायचं? हे नाव मला पुष्कळ वर्षं पुरलं. आज माझं वय दादांच्या तेव्हाच्या वयाहून बरंच जास्त आहे, आणि आता मला ते पुरत नाही. त्यात आदर थोडा होता. बाकीचं असं होतं की, त्या रेघा काढताना मला बरं वाटे. ज्या माणसाचं मी जन्मभराचं देणं लागत होतो, त्याचं काहीतरी माझ्यावाचून अडत होतं आणि त्याला ते माहीत नव्हतं. मी त्याला रोज न कळता सांभाळून घेत होतो. हे सुख सोडवत नव्हतं. सांगून टाकलं असतं तर दादा दोन दिवसांत शिकले असते, आणि मग मी काय काढलं असतं?

परीक्षेच्या दिवशी दादा मुंबईहून परतले ते पाय धुवायलाही न जाता पडवीत बसले. "पाटी आण," म्हणाले.

मी पाटी दिली. त्यांनी भराभर लिहायला सुरुवात केली. "घरचाच प्रश्न आला रे. फरकाचा. जसाच्या तसा. आणि त्या खाली आणखी एक होता तोही त्यातलाच." वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. दादांनी पाटी माझ्याकडे वळवली. "असं लिहिलं. बरोबर ना?"

पाटीवर एकही उभी रेघ नव्हती.

माझा हात पेन्सिलीकडे गेला आणि मी तो मागे घेतला. आता काढून काय उपयोग होता? वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणालो, "बरोबर." मग कमी वाटेल म्हणून मान हलवून पुन्हा एकदा म्हणालो.

त्या संध्याकाळी वहिनींनी दादांना विचारलं, ड्रॉइंग ऑफिसात जेवणाची सुट्टी केव्हा असते.

निकाल टपालाने आला. त्यात गुण दिलेले नसत. गणितात अनुत्तीर्ण, एवढंच होतं. दादांनी तो वाचून घडी घातली आणि वहिनींना म्हणाले, "पेपर कठीण होता." त्या म्हणाल्या, "भावोजींनी तरी किती मेहनत घेतली." मी तिथेच होतो. मी विहिरीवर जाऊन उगाच दोन बादल्या पाणी काढलं. ड्रॉइंग ऑफिसातली ती जागा दादांच्याच बरोबरीच्या एका माणसाला मिळाली. तो आमच्याकडे पेढे घेऊन आला, आणि दादांनी त्याला मनापासून मिठी मारली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं आईकडे निघालो. हवा चांगली होती म्हणून चालतच. चिखलोली मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं होती. मी ठरवून आलो होतो. दादांच्या बरोबर चालता चालता, खाली बघत, मी सगळं सांगितलं. रेघा सुटत होत्या, त्या मी काढत होतो, परीक्षेच्या दिवशी खोटं बरोबर म्हणालो, सगळं. दादा काही बोलले नाहीत. मी वाट बघितली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "काकांनी खालचं खाचर या वर्षी पडीक ठेवलेलं दिसतंय."

त्यांना ऐकू गेलंच नव्हतं. मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो.

तेव्हा मला वाटलं, वाऱ्यामुळे असेल. आता पुन्हा सांगायचं की नाही? एकदा सांगितलं होतंच की, असंही मनात येऊन गेलं. लपवत नाही. मग मी पुढे होऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तेच सगळं मोठ्याने सांगितलं. खाचरात पेंढा गोळा करणारी एक बाई कंबर सरळ करून आमच्याकडे बघू लागली.

"कसल्या रेघा?" दादा म्हणाले.

मी काठीने पायवाटेच्या मातीत झेड काढला आणि त्याच्या दोन बाजूंना दोन रेघा.

त्यांनी ते नीट पाहिलं. "म्हणजे मी लिहिलेलं सगळं चूक?"

"विचार बरोबर होता. रेघा नव्हत्या."

"आणि तू त्या काढत होतास."

"हो."

"मला वाटायचं, तू शोभेसाठी काढतोस. तुझं अक्षर चांगलं आहे ना." त्यांनी पुन्हा मातीतल्या अक्षराकडे पाहिलं. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला कसं सांगणार?"

"तोंडाने."

मी काठीचं टोक मातीत रुतवत राहिलो.

"अरे, मी रोज शॉपवर माणसांना चूक म्हणतो. शिव्यापण घालतो. घणाखाली हात गेला तर तो काय आदराने थांबणार आहे?" हे ते शांतपणे म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी चपलेने मातीतलं ते अक्षर पुसलं आणि चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर मागे न बघता म्हणाले, "आईला बोलू नकोस. घरीपण नको." घरीपण म्हणजे वहिनींना.

मी पुन्हा शिकवतो म्हणालो, या वेळी नीट. ते म्हणाले, "नको. तू आता मुद्दाम चुका काढशील, आणि मला प्रत्येक वेळी वाटेल की तू आधीचं फेडतोयस. मला सरळ चूक म्हणणारा माणूस पाहिजे. ज्याचा मी कोणी लागत नाही असा."

तसा माणूस त्यांना उल्हासनगरला मिळाला. कारखान्यातल्या एका सिंधी फिटरने पत्ता दिला. तेव्हा सगळे त्या वस्तीला नुसतं कॅम्प म्हणत. लष्कराच्या लांबलचक बराकी, मध्ये गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं. एका अर्ध्या बराकीत एक सिंधी मास्तर क्लास घेत. फाळणीआधी तिकडे सिंधमध्ये कॉलेजात शिकवत होते म्हणे. वयाने दादांहून लहानच. बाहेर खाटांवर त्यांच्या घरचे पापड वाळत असायचे आणि आत भिंतीला डांबर फासून फळा केलेला होता.

एकदा वहिनींनी माझ्याकडे दादांची छत्री दिली आणि त्यांना आणायला पाठवलं. मी दारात पोचलो तेव्हा दादा फळ्यापाशी उभे होते. समोर कॉलेजची दहा-बारा मुलं आणि कारखान्यातली दोन-तीन माणसं. दादांनी ओळ पुरी केली आणि मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"साईं! फिर भूल गए? डंडे कौन लगाएगा, आपका बाप?"

आमच्या बापाचं नाव घेऊन दादांना असं कोणी बोलेल, हे मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. मुलं हसली. एकजण म्हणाला, "मास्टरजी, बड़े आदमी हैं."

"बड़े होंगे कारखाने में. इधर झेड भी बड़ा नहीं होता, बाबा. झेड का मॉड्युलस बड़ा होता है. क्या समझे?"

सगळ्यांत मोठ्याने दादाच हसले. त्यांनी खडू घेतला आणि रेघा काढल्या, एवढ्या लांब की वरच्या ओळीला लागल्या. मास्तर म्हणाले, "हाँ, अब दिखता है," आणि पुढचं सांगू लागले. सांगता सांगता ते चालत दादांच्या उजव्या बाजूला गेले. "सुना? नहीं सुना तो बोलो, मैं दुबारा बोलूँगा, मेरा मुँह थोड़े ही घिसता है."

"नहीं सुना," दादा म्हणाले.

मास्तरांनी ते दुबारा सांगितलं.

मी छत्री घेऊन दारात उभाच होतो. "नहीं सुना" हे दोन शब्द दादांनी आमच्या पडवीत मला कधी म्हटले नव्हते. आम्ही इतक्या संध्याकाळी चटईवर बसलो, मी त्यांच्या डाव्या कानाशी, हळू आवाजात बोलत राहिलो आणि ते "हं, हं" म्हणत राहिले. रेघा पहिल्यांदा सुटल्या त्या दिवशी मी "मॉड्युलस हवा" म्हणालो तेव्हाही ते "हं" म्हणाले होते. मला तो राग वाटला होता. धाकट्या भावाला "ऐकू आलं नाही" म्हणायची त्यांना लाज वाटली असेल, जशी मला "चूक" म्हणायची. पण त्यांना आपल्या कानांचं सांगायला लाज वाटत होती, हे मला कळायला हवं होतं. वहिनींनी मला सांगितलं होतं. मला ठाऊक होतं, आणि तरी मी भिंतीच्या सोयीने डावीकडे बसलो होतो.

मी छत्री दाराला टेकवली आणि आत न जाता परत आलो. वहिनींनी विचारलं, "भेटले नाहीत?" मी म्हणालो, "शिकत होते."

दादा पुढच्या खेपेला गणितात पास झाले. ड्रॉइंग ऑफिसात मात्र जागा नव्हती. ती व्हायला आणखी वर्षाच्या वर गेलं. तोवर ते घणापाशीच होते. मधल्या काळात कल्याणच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि सांगितलं की उजवा कान सांभाळा, डाव्याचं आता काही होणार नाही.

मी नंतर गणितच शिकवत राहिलो. असमानतेचं प्रकरण दरवर्षी येतं आणि मी ते दरवर्षी शिकवतो. रेघा सुटल्या की मी भर वर्गात त्या मुलाला उभं करून सांगतो, माझ्या मानाने बऱ्याच कठोर आवाजात. मुलं मला तिरसट समजतात. आणि स्वतःच्या बाबतीत, या गणिताची जी रीत आहे तीच मी वापरून पाहिली आहे. एखादी राशी नेमकी सापडत नसेल तर ती जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती, ते काढायचं. दादांच्या गेलेल्या कानात माझा वाटा जास्तीत जास्त किती? जागा गेल्यापासून दुसरी मिळेपर्यंत घणापाशी काढलेला सगळा काळ. कमीत कमी? शून्य. ते त्या पेपरात दुसऱ्याच प्रश्नांवर नापास झाले असतील. त्यांचा कान आधीच गेलेला असेल. दोन्ही टोकं मला सिद्ध करता येतात. मी विद्यार्थ्यांना सांगतो की नुसती मर्यादा काढून भागत नाही, खरी राशी तिथपर्यंत पोचते का तेही दाखवावं लागतं. ते मला करता आलेलं नाही. शून्याच्या बाजूने मी पुष्कळदा प्रयत्न केला.

दादा ड्रॉइंग ऑफिसात रुजू झाले त्या संध्याकाळी वहिनींनी शिरा केला होता. दादा आले, पाटावर बसले. वहिनींनी विचारलं, कसं आहे तिकडे.

"छान आहे. फार शांत. पंखा आहे. साहेब सभ्य आहेत, पण अगदी पुटपुटतात. ते माझ्या डाव्या हाताला बसतात, त्यामुळे सकाळी पंचाईत झाली. दोनदा भलतंच ड्रॉइंग नेऊन दिलं." ते हसले. "मग दुपारी टेबल फिरवून घेतलं. आता खिडकी पाठीमागे येते. कागदावर माझीच सावली पडते, पण साहेबांचं कळतं."

"मग रोज सावलीत काम करायचं?"

"सवय होईल."

वहिनींनी शिऱ्याची पहिली वाटी माझ्या पुढ्यात ठेवली. "आधी भावोजींना. पाया त्यांनी घातला." मी दादांकडे बघितलं. त्यांना ते ऐकू आलं होतं, कारण ते माझ्याकडे बघत होते.

"हो, त्यालाच आधी दे," ते म्हणाले. "खा रे, गार होतोय."

मी वाटी उचलली आणि खाल्लं.